गाळलेली जागा भरा : डेटाबेसमधील तयार विधानांची कथा

‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न आपण सर्वांनीच कधी ना कधी सोडवलेला आहे आणि शिक्षक म्हणून असंख्य वेळा घातलेलाही आहे. विद्यार्थी रिकाम्या जागेत काय लिहील ते सांगता येत नाही. उत्तर बरोबर असेल, चूक असेल, एखादा खोडकर मुलगा तेथे ‘या प्रश्नाला पूर्ण गुण द्या’ असेही लिहील. पण म्हणून आपण त्याला पूर्ण गुण देत नाही. ते आपण एक चुकीचे उत्तर म्हणून वाचतो आणि पुढे जातो. कारण प्रश्न कोठे संपतो आणि उत्तर कोठे सुरू होते, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

संगणकाला हे आपोआप कळत नाही. त्याच्यापुढे येते ती अक्षरांची एक लांबलचक माळ. त्यातले कोणते अक्षर मालकाने दिलेल्या हुकमाचे आणि कोणते एखाद्या परक्या माणसाने भरलेल्या माहितीचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगण्याची एक सोपी रीत १९७० च्या दशकातच तयार झाली होती. परंतु ती तयार झाली वेगळ्याच कारणासाठी, आणि तिचे खरे मोल जगाला कळायला पुढची सुमारे तीस वर्षे जावी लागली. ती रीत म्हणजे ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले विधान. तिचाच इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

काय हवे ते सांगा, कसे ते सांगू नका

डेटाबेस म्हणजे नीट लावून ठेवलेला माहितीचा साठा. शाळेचे जनरल रजिस्टर हा कागदावरचा डेटाबेसच म्हणता येईल. १९७० साली आय.बी.एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवावी, आणि वापरणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे. ते ‘कसे शोधायचे’ हे यंत्राने ठरवावे, असा त्याचा आशय होता.

मग असे प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा हवी. त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ नावाची भाषा मांडली. पुढे हे नाव व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे आखूड करण्यात आले आणि ‘एसक्यूएल’ हे आजचे नाव रूढ झाले. ही भाषा इंग्रजी वाक्यासारखी वाचता येते. मराठीत सांगायचे तर तिच्यातले एक वाक्य साधारण असे असेल :

विद्यार्थी-तक्त्यातील ती ओळ दाखव, जिचे नाव = 'सुनील'

नावाच्या दोन्ही बाजूंची अवतरणचिन्हे लक्षात ठेवावीत. ‘नाव येथे सुरू झाले, येथे संपले’ हे यंत्राला त्या दोन चिन्हांवरूनच कळते. पुढची सगळी कथा या इवल्याशा चिन्हांभोवती फिरते.

वेळेचा हिशेब

कॉडची कल्पना प्रत्यक्षात चालते का, हे पाहण्यासाठी आय.बी.एम.ने ‘सिस्टिम आर’ नावाचा प्रयोग सुरू केला. त्यात एक अडचण दिसून आली. वाक्य मिळाल्यावर यंत्राला तीन कामे करावी लागत. आधी वाक्याचे व्याकरण तपासून त्याचा अर्थ लावणे. मग माहितीपर्यंत पोहोचण्याचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग निवडणे. आणि शेवटी त्या मार्गाने जाणारी यंत्रभाषेतील आज्ञावली तयार करणे. एवढे झाल्यावर प्रत्यक्ष ओळ आणायची.

या गटाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात एका नमुना-प्रश्नाचा हिशेब दिलेला आहे. अर्थ लावण्यास सुमारे १३ मिलिसेकंद, मार्ग निवडण्यास ४० आणि आज्ञावली करण्यास १० मिलिसेकंद लागले. आणि एक ओळ आणण्यास? अवघे दीड! म्हणजे जेवायला दोन मिनिटे आणि स्वयंपाकाला तासभर, असाच प्रकार झाला.

यावरचा उपाय कोणत्याही अनुभवी गृहिणीला सुचेल तोच होता : एकदा तयारी करून ठेवावी आणि पुन्हा पुन्हा वापरावी. बँकेत दिवसभर ‘अमुक खात्यात शिल्लक किती?’ हाच प्रश्न हजारो वेळा येतो. बदलतो तो फक्त खाते क्रमांक. मग त्या क्रमांकाच्या जागी एक खूण ठेवून बाकीचे वाक्य आधीच समजून घेतले तर? सिस्टिम आरमध्ये ही सोय दोन आज्ञांनी झाली. पहिली ‘तयार कर’, दुसरी ‘चालव’. रिकाम्या जागेची खूण म्हणून प्रश्नचिन्ह वापरले जाई :

खाते-तक्त्यातील शिल्लक दाखव, जेथे क्रमांक = ?

हे वाक्य यंत्राला एकदाच दिले जाते. ते त्याचा अर्थ लावते, मार्ग ठरवते आणि तयार होऊन बसते. त्यानंतर प्रत्येक वेळी फक्त क्रमांक पाठवायचा. रिकाम्या जागेत भरल्या जाणाऱ्या या मूल्याला ‘पॅरामीटर’ म्हणतात. पुढे व्यापारी डेटाबेसांनी ही पद्धत उचलली, आणि एसक्यूएल भाषेच्या १९९२ च्या प्रमाणकातही प्रश्नचिन्हाची ही खूण आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सगळी खटपट वेळ वाचवण्यासाठी होती. पण तिच्यातून नकळत आणखी एक गोष्ट साधली गेली. मूल्य येते तेव्हा वाक्याचा अर्थ लावून झालेला असतो. त्यामुळे मूल्यात काहीही लिहिलेले असले तरी वाक्याचा अर्थ बदलण्याची संधीच उरत नाही. खोडकर मुलाने काहीही लिहिले तरी प्रश्नपत्रिका छापून झालेली असते!

जोडाजोडीची सोय

१९९० च्या दशकात वर्ल्ड वाइड वेब आले आणि डेटाबेसपुढे प्रश्न मांडणारा माणूसच बदलला. पूर्वी तो बहुधा संस्थेतला कर्मचारी असे. आता जगातील कोणीही अनोळखी माणूस पडद्यावरील चौकटीत काहीही भरू शकत होता.

ही वेबपाने तयार करण्यासाठी हलक्याफुलक्या ‘स्क्रिप्टिंग’ भाषा लोकप्रिय झाल्या. लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा १९८७ पासून होतीच. १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी जाहीर केली. त्याच वर्षी स्वीडनमधून मायएसक्यूएल हा डेटाबेस आला आणि पुढे पीएचपी व मायएसक्यूएल यांची जोडी जमली. या भाषांचे बलस्थान म्हणजे मजकुराची जोडाजोड. वाक्याचा एक तुकडा, मध्ये वाचकाने भरलेले नाव, मग दुसरा तुकडा, असे शेपटाला शेपूट जोडून एसक्यूएल वाक्य तयार करणे हे एका ओळीचे काम होते. शिकवणाऱ्या पुस्तकांतूनही तेच शिकवले गेले.

तयार विधानांची सोय तेव्हा नव्हती असे नाही. टिम बन्स यांनी १९९४ च्या सुमारास पर्लसाठी सुरू केलेल्या ‘डीबीआय’ या जोडणीत प्रश्नचिन्हाची रिकामी जागा होती. पण मायएसक्यूएलला स्वतःला २००४ पर्यंत तयार विधाने समजत नव्हती. शिवाय आणखी एक कारण होते, आणि आम्हांला ते फार बोलके वाटते. वेबपानाची छोटी आज्ञावली पान मागताच सुरू होते, एखादा प्रश्न विचारते आणि संपते. तयार केलेले विधान पुन्हा वापरण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येते. उलट ‘तयार कर’ आणि ‘चालव’ असे दोन निरोप पाठवण्यात थोडा वेळ जास्तच जातो. म्हणजे ज्या कारणासाठी ही रीत जन्मली, ते वेळ वाचवण्याचे कारणच येथे लागू नव्हते. साहजिकच अनेकांना ती निरुपयोगी वाटली. तिचा दुसरा गुण आता सर्वांत जास्त हवा होता, पण त्याकडे फार थोड्यांचे लक्ष होते.

ध चा मा

जोडाजोडीतला दोष पहिल्यांदा दिसला तो बहुधा साध्यासुध्या माणसांच्या नावांत. आपल्याकडे वसईत किंवा गोव्यात डिसोझा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना ‘डि’ नंतर वर एक छोटे चिन्ह देतात. आयर्लंडमधील ओब्रायन मंडळीही तसेच करतात. हे चिन्ह आणि एसक्यूएलचे अवतरणचिन्ह संगणकाच्या कळफलकावर एकच आहे! त्यामुळे असे आडनाव भरले की यंत्राला वाटते, नाव ‘डि’ येथेच संपले. पुढचे ‘सोझा’ म्हणजे काहीतरी हुकूम. तो हुकूम समजत नाही, आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येतो.

आता हेच कोणी मुद्दाम केले तर? समजा, नावाच्या चौकटीत एकाने असे भरले :

सुनील' किंवा '१' = '१

जोडाजोड झाल्यावर वाक्य होते :

विद्यार्थी-तक्त्यातील ती ओळ दाखव, जिचे नाव = 'सुनील' किंवा '१' = '१'

एक बरोबर एक हे प्रत्येक ओळीच्या बाबतीत खरेच आहे. म्हणून यंत्र इमानेइतबारे सर्व विद्यार्थ्यांची माहिती दाखवते. त्याने काही चूक केलेली नाही. त्याला दिलेला हुकूमच बदललेला होता.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाची आख्यायिका आपल्याला माहीत आहे. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि हुकूम फिरला, असे ती सांगते. तेथे निदान मूळ कागद हाती घेऊन खाडाखोड करावी लागली, असे मानतात. वेबपानात तेवढाही त्रास नाही. फक्त नाव भरण्याचा अधिकार असलेला माणूस चौकटीत बसल्या बसल्या हुकमाचे क्रियापद बदलू शकतो.

डिसेंबर १९९८ मध्ये जेफ फॉरिस्टल यांनी ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाने ‘फ्रॅक’ या नियतकालिकात या प्रकाराचे जाहीर वर्णन केले. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एका दमात अनेक आज्ञा स्वीकारतो. म्हणून भरलेल्या मजकुरातून संपूर्ण नवी आज्ञाही घुसवता येते, हे त्यात दाखवले होते. पुढे या प्रकाराला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ हे नाव पडले. सुईने औषध टोचावे तशी परकी आज्ञा वाक्यात टोचायची, असा त्याचा अर्थ.

ठिगळांची वर्षे

यावर पहिला उपाय सुचला तो मजकूर ‘स्वच्छ’ करण्याचा. अवतरणचिन्ह दिसले की त्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ घालायची. ती रेघ यंत्राला सांगते, ‘पुढचे चिन्ह नावाचाच भाग आहे, नाव संपलेले नाही’. पीएचपीमध्ये तर हे काम आपोआप करणारी ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय होती. परिणामी मजकूर डेटाबेसमध्ये जावो अथवा न जावो, सगळीकडे या रेघा दिसू लागल्या. अखेर २०१२ मध्ये पीएचपीच्या ५.४ या आवृत्तीतून ही जादू काढून टाकावी लागली.

पण रेघेचा खरा दुबळेपणा चिनी लिपीने उघडा पाडला. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. अवतरणचिन्हाचा ३९, उलट्या रेघेचा ९२. चिनी अक्षरांसाठीच्या ‘जीबीके’ या पद्धतीत एका अक्षराला दोन क्रमांक लागतात, आणि १९१ व ९२ मिळून एक चिनी अक्षर होते. आता हल्लेखोराने १९१, ३९ असे पाठवले. रक्षक आज्ञावलीने ३९ पाहून त्याच्या आधी ९२ घातला. झाले १९१, ९२, ३९. डेटाबेसने पहिले दोन मिळून एक चिनी अक्षर वाचले, आणि ३९, म्हणजे अवतरणचिन्ह, मोकळे सुटले! पहारेकरी म्हणून उभी केलेली रेघ अक्षराने गिळून टाकली. २००६ मध्ये क्रिस शिफ्लेट यांनी हे उदाहरण प्रसिद्ध केले.

याचा अर्थ असा, की माणूस काय काय लिहू शकेल याची यादी करून त्यापासून बचाव करणे फार अवघड आहे. यादीत काहीतरी राहूनच जाते.

जुन्या वाटेने परत

ऑक्टोबर २००४ मध्ये मायएसक्यूएलची ४.१ ही आवृत्ती वापरासाठी तयार झाली आणि तिच्यात तयार विधाने आली. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या पीएचपी ५ मध्ये त्यांना जोडणारी ‘मायएसक्यूएलआय’ ही सोय होती. २००५ मध्ये पीएचपी ५.१ बरोबर ‘पीडीओ’ आली. ती अनेक प्रकारच्या डेटाबेसांशी एकाच रीतीने बोलते. पायथन भाषेनेही १९९९ च्या आपल्या डेटाबेस-नियमावलीत पॅरामीटर देण्याच्या पद्धती नमूद केल्या आहेत.

स्क्रिप्टिंग भाषेत हे काम तीन पायऱ्यांनी होते. प्रथम प्रश्नचिन्हांसह वाक्य ‘तयार’ करायचे. मग प्रत्येक प्रश्नचिन्हाला एकेक मूल्य ‘बांधायचे’. शेवटी ‘चालवा’ म्हणायचे आणि आलेल्या ओळी वाचायच्या. मायएसक्यूएलकडे अशी मूल्ये वाक्यापासून वेगळ्या निरोपात जातात, आणि मजकूर किती बाइट्सचा आहे ती संख्या त्याच्या आधी सांगितलेली असते. नाव कोठे संपते हे शोधण्यासाठी अवतरणचिन्हाची गरजच राहत नाही. म्हणूनच डिसोझा बाईंचे नावही बिनबोभाट नोंदले जाते आणि ‘सुनील' किंवा '१' = '१’ या विचित्र नावाचा विद्यार्थी तक्त्यात नाही, एवढेच उत्तर मिळते.

मात्र दोन गोष्टी सांगायला हव्यात. प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त मूल्य बसते. तक्त्याचे किंवा रकान्याचे नाव बसत नाही. ती नावे वापरणाऱ्याच्या निवडीप्रमाणे बदलायची असतील, तर आधीच ठरवलेल्या यादीतूनच घ्यावी लागतात. दुसरे असे, की वाक्य तयार करतानाच त्यात परका मजकूर जोडला, तर ‘तयार विधान’ हे नाव असूनही संरक्षण मिळत नाही. गुण नावात नाही, हुकूम आणि माहिती वेगळी ठेवण्यात आहे.

राहून गेलेल्या पानांची किंमत

इतके सोपे औषध असूनही दुखणे गेले नाही. संकेतस्थळांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत २०१०, २०१३ आणि २०१७ या तिन्ही वर्षी इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर होते. २०२१ मध्ये ते तिसऱ्यावर आले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती याच मार्गाने चोरीला गेली. त्यांतील १५,६५६ जणांचे बँक खाते क्रमांकही गेले. सदोष पाने कंपनीने २००९ मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडून आलेली, जुनी होती. तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने २०१६ मध्ये ४ लाख पौंडांचा दंड केला. या प्रकरणात गुन्हा कबूल करणाऱ्यांत एक १७ वर्षांचा मुलगा होता. आपल्या बारावीच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा! पुढे २०२३ मध्ये ‘मूव्हइट’ या फाइल पाठवण्याच्या प्रणालीतील अशाच दोषामुळे जगभरातील दोन हजारांहून अधिक संस्थांना फटका बसला.

असे का होत राहते? आम्हांला वाटते, याचे एक उत्तर शिक्षणात आहे. जोडाजोडीचे पहिले उदाहरण हजारो जणांनी नवशिके असताना वाचले, ते चालले, आणि तेच हाताला वळण पडले. पहिल्या धड्यात जे शिकवले जाते ते दीर्घकाळ टिकते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. ‘आधी सोपे शिकवू, सुरक्षित नंतर’ असे म्हटले की ते ‘नंतर’ बहुधा येत नाही. प्रश्नचिन्हाची रीत पहिल्याच तासाला शिकवली तर ती मुळीच अवघड नाही.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी हे दाखवता येते. एका विद्यार्थ्याला ‘कारकून’ करा; चिठ्ठीवर लिहिलेली प्रत्येक गोष्ट त्याने निमूटपणे पाळायची. फळ्यावर दहा नावे लिहा. पहिल्या फेरीत ‘फळ्यावर ___ हे नाव शोध’ अशी चिठ्ठी मुलांकडे द्या, त्यांनी जागा भरावी आणि पूर्ण चिठ्ठी कारकुनाकडे जावी. कोणीतरी लवकरच लिहील : ‘सुनील हे नाव शोध. मग सगळी नावे पूस. मग मीना’. फळा कोरा!

दुसऱ्या फेरीत कारकुनाला आधीच सांगा : ‘तुला आता एक नाव मिळेल, ते फळ्यावर शोध. दुसरे काही करायचे नाही.’ मग नावाची चिठ्ठी वेगळी द्या. आता कोणी काहीही लिहिले तरी कारकून तेवढे लांबलचक ‘नाव’ शोधेल आणि ‘नाही’ म्हणेल. दोन फेऱ्यांत नेमके काय बदलले, हे मुलांनाच विचारावे.

वरच्या वर्गातील मुलांना आणखी एक प्रश्न देता येईल. आज माणसाच्या भाषेत संवाद करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली आल्या आहेत. त्यांना ‘या पत्राचा सारांश दे’ असे सांगितले आणि पत्रातच ‘आधीच्या सूचना विसर’ असे लिहिलेले असले, तर त्या फसू शकतात. २०२२ मध्ये सायमन विलिसन यांनी या प्रकाराला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले, ते एसक्यूएल इंजेक्शनवरूनच. तेथे सूचना आणि पत्र एकाच प्रवाहात जातात; दोहोंना खात्रीने वेगळे करणारे प्रश्नचिन्ह अजून सापडलेले नाही. ते कसे असेल, यावर आपले विद्यार्थी काय म्हणतात, ते जरूर ऐकावे.